तीनशे अंडी आणि पंपाच्या बॅटऱ्या

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत माझं दुकान आहे. फवारणीचे बॅटरी पंप, गवत कापायची यंत्रं, फळबागेच्या छाटणीच्या कात्र्या, ड्रिल, आणि घरावरचं सोलार. विकतोही मीच आणि बिघडलं की शिव्याही मीच खातो. त्याच्याआधी बरीच वर्षं मी मोटारी भरायचो. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची गुंडाळायची, असं ते काम. म्हणून अजूनही लोक मला मोटारवाला बब्रू मिस्त्री म्हणतात. सोलारवाला बब्रुवान असं फक्त लग्नपत्रिकेच्या पाकिटावर येतं.

दुकानात येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मिस्त्री, ह्याच्यावर काय काय चालतंय?" मी उलटा विचारतो, "किती वेळ चालवायचंय?" इथंच निम्मं गिऱ्हाईक वैतागतं. पण आमच्या धंद्याचं सगळं गुपित त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. तोटी बारीक सोडली तर दिवसभर पुरते, मोठी सोडली की तासाभरात तळ दिसतो. दिवा, पंखा, मोबाइल ही बारीक तोटी. आणि जिथं उष्णता काढायची, म्हणजे इस्त्री, गिझर, शेगडी, ती धरणाची दारं. नळदुर्गच्या हायवेवरचा एक ढाबेवाला माझ्याकडं तंदूर भट्टी सोलारवर करून मागायला आला होता. म्हणाला, "रोट्याच तर भाजायच्यात." मी हिशोब करून सांगितलं, की तुमच्या रोट्यांसाठी ढाब्याच्या छपरावरच न्हाय, समोर उभ्या राहणाऱ्या ट्रकांच्या टपावरसुद्धा पॅनेल टाकावी लागतील. तो गंभीरपणे म्हणाला, "पण ट्रक तर निघून जातेत की."

दुसरं असंच एक घर. तक्रार काय, तर सोलार निम्मीच वीज देतंय. शिडी लावून वर गेलो, तर सहाच्या सहा पॅनेलवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. घरातल्या बाईंचं म्हणणं होतं, काच स्वच्छ आहे, ऊन चांगलं लागतं आणि कोंबड्या वर येत न्हाईत. तिन्ही मुद्दे बिनतोड होते. मी खाली उतरून एवढंच म्हणालो, की ह्या मिरच्या तुम्हाला बाजारापेक्षा महाग पडतायत.

बॅटरीच्या औजारांचं मात्र मी मनापासून कौतुक करतो. पाठीवर पंप घेऊन एका हातानं दांडा हापसत, दुसऱ्या हातानं फवारत ज्यानं एकर दोन एकर मारलंय, त्याला विचारा. संध्याकाळी त्याचा खांदा जेवायलासुद्धा उचलत नसे. आता बटण दाबलं की झालं. फक्त एक पथ्य. बॅटरीला उपाशी ठेवायची न्हाई. हंगाम संपला की लोक रिकामी बॅटरी तशीच पंपात ठेवून पंप माळ्यावर टाकतात, आणि सहा महिन्यांनी काढून म्हणतात, "मिस्त्री, मागच्या साली तर चांगली होती." माणूससुद्धा मागच्या साली चांगलाच असतो. सहा महिने जेवू घातलं न्हाई तर काय होईल?

आता म्हाळाप्पाअण्णांची ओळख करून देतो, कारण खरी गोष्ट त्यांच्या घरची आहे. वाशीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात त्यांचं घर. शंभरावर मेंढरं. सत्तरी ओलांडलेली, पण काठी टेकून उभे राहिले की खांब रोवल्यासारखे. त्यांना मी मोठ्या हौसेनं लोकर कातरायचं बॅटरीवरचं यंत्र दाखवायला घेऊन गेलो होतो. हातकातरीनं एका मेंढराला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौथाईत काम, असं माझं भाषण झालं. अण्णांनी एक मेंढरू पायात दाबून दिलं. यंत्र सुरू केलं. एका बाजूनं लोकर पोळीसारखी सुटायला लागली, मीही फुगलो. मग लोकरीतली माती आणि कुसळं पात्यात गेली. यंत्र गुरगुरलं, तापलं आणि बसलं. त्या आवाजानं मेंढरू उधळलं आणि निम्म्या अंगावर लोकर, निम्मं उघडं, असं कळपात शिरलं. बाकीची मेंढरं त्याला बघून लांब पळायला लागली.

अण्णा शांतपणे त्याला धरून घेऊन आले, कमरेची कातर काढली आणि उरलेलं अंग कातरून मोकळं केलं. मग म्हणाले, "यंत्र झ्याक हाय मिस्त्री. पण त्येला धुतलेली मेंढरं लागत्यात. आमची मेंढरं पाऊस पडल्यावरच आंघोळ करत्यात."

त्या दिवसापासून ते मला आणि माझ्या मालाला प्रेमानं पण लांबूनच बघायचे.

त्यांची सून मंगल मात्र निराळी. तिचा नवरा मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर. ती गावातल्या बायकांच्या बचत गटाची प्रमुख. गावरान कोंबडीच्या पिल्लांना बाजारात मागणी आहे हे तिनं ओळखलं आणि अंडी उबवायची पेटी आणली. तीनशे अंड्यांची. लोखंडी कपाटासारखी, आत हीटर, पंखा आणि थर्मामीटर. कोंबडी जे काम एकवीस दिवस बसून करते, ते पेटी करते. गावातल्या बायका आपापली अंडी आणून द्यायच्या. कोणाची दहा, कोणाची वीस. मंगल अंड्यावर पेन्सिलनं नाव लिहायची आणि पिल्लं निघाली की ज्याची त्याला द्यायची.

पेटीमुळं वीजबिल वाढलं म्हणून ती माझ्याकडं आली. घरावर सोलार बसवायचं ठरलं. अण्णांचा विरोध होता. "घरावर काचा लावून कुठं वीज येत आसती व्हय?" तरी तिनं रेटलं. मी बसवून दिलं ते विजेच्या लाइनीला जोडलेलं सोलार. ते स्वस्त पडतं, कारण त्याला बॅटरी लागत न्हाई. दिवसा आपली वीज लाइनीत जाते, रात्री लाइनीतली आपण वापरतो, बिल जवळजवळ शून्यावर येतं. बिलासाठी ह्याच्यासारखं दुसरं काही न्हाई, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पुढं पौषात, हरभऱ्यावर घाटेअळी पडली होती त्या दिवसांत, एका सकाळी मंगलचा फोन आला. "मिस्त्री, गावची डीपी जळाली. पहाटंपासून लाइट न्हाय. तुमचं सोलार बी बंद पडलंय. लगोलग या."

डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालतात आणि तो बसतो. नवा यायला दोन दिवस, तीन दिवस, काही सांगता येत न्हाई. मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. आभाळ असं निळं, की बघवत न्हाई. छपरावर पॅनेल नुसती लखलखत होती. आणि भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा लागलेला.

मंगल दारातच उभी होती. "वर एवढं ऊन हाय, मग घरात वीज का न्हाय?"

मी समजावून सांगितलं. हे सोलार लाइनीचा हात धरून चालतं. लाइन गेली की ते मुद्दाम स्वतःला बंद करतं. तसं केलं न्हाई, तर आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. म्हणजे हा बिघाड न्हाई, ही त्याची शिस्त आहे.

ती ऐकून घेत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "घेताना म्या तुम्हाला इचारलं होतं. लाइट गेल्यावर चालंल का, म्हणून."

विचारलं होतं. आणि मी हसून म्हणालो होतो, "अहो ताई, सूर्य कुठं लाइट बिल भरतोय?" पुढं लोड शेडिंगमध्ये दिवसा कधी लाइट जायची, तासाभरात यायची, तेवढ्यात पेटी काही गार होत नसे. त्यामुळं कोणाच्या लक्षात आलं न्हाई. मी खोटं बोललो नव्हतो, असं मी त्या क्षणापर्यंत स्वतःला सांगत आलो होतो. पण खरंही बोललो नव्हतो. बॅटरीवालं सोलार महाग पडतं, ते सांगितलं तर गिऱ्हाईक उठून जातं, ही भीती होती.

"पेटी बघू," मी म्हणालो.

पेटीत अंड्यांचा सोळावा दिवस होता. आत जीव तयार झालेले. थर्मामीटर साडेसदतीसवर पाहिजे, तो तीस-एकतीसवर आला होता. दिवसा ठीक, पण पौषातली बालाघाटावरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. एका रात्रीत सगळं संपलं असतं. आणि ती अंडी मंगलची एकटीची नव्हती. निम्म्या गावाची नावं त्यांच्यावर पेन्सिलनं लिहिलेली होती.

जनरेटर गावात एकच, मंडपवाल्याचा, तो येडशीकडं कुठल्या कार्यक्रमाला गेलेला. माझ्या दुकानात एक जुना इन्व्हर्टर होता आणि एक चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल तेवढीच देणारा डबा. पण मोठी बॅटरी एकही नव्हती. धाराशिवहून माल यायला दुसरा दिवस उजाडणार होता.

अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. एकदम म्हणाले, "फवारायच्या पंपात तुझ्याच बॅटऱ्या हायत न्हवं? त्या चालत न्हाईत का?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. पंपातली बॅटरी बारा व्होल्टची, विटेएवढी. एकटी काही कामाची न्हाई. पण वीस-बावीस एकत्र जोडल्या, तर पेटीची रात्र निघण्यासारखी होती, कारण पेटीचा हीटर सतत चालत न्हाई, गार झालं की थोडा वेळ लागतो आणि बंद होतो.

"चालतील की अण्णा. पण लोक देतील का? अळी पडलीय. सगळे फवारायला निघालेत."

"पंप कुठं मागायचाय? त्येच्या पोटातलं मागायचं." ते काठी घेऊन उठले. "तू दुकानाकडं जाऊन ये. म्या गाव बघतो."

मी वाशीला जाऊन सामान घेऊन परत आलो, तर ओट्यावर बाजार भरल्यासारखं दृश्य. अण्णांनी दारोदार जाऊन एकच वाक्य म्हटलं होतं म्हणे, "तुज्या घरच्या अंड्यांचा जीव हाय, एक रात बॅटरी दे." ज्यांची अंडी होती त्यांनी दिल्या, ज्यांची नव्हती त्यांनीही दिल्या. कोणी पंपासकट आलं होतं. प्रत्येक बॅटरीवर मी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं आणि मीटर लावून तपासायला बसलो.

इथं एक कबुली. नव्या-जुन्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत, जुनी नवीला पिऊन टाकते, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतो. त्या दिवशी मी स्वतः जोडल्या. फक्त अगदी मेलेल्या तेवढ्या बाजूला काढल्या. त्यात एका गड्याची बॅटरी इतकी मेलेली, की मीटरचा काटा जेमतेम हलला.

"ही किती दिवस वापरताय?" मी विचारलं.

"आठ दिस झालं. पंप जरा दमानं चालतोय खरा."

शेजारी उभा असलेला त्याचा भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "आन आमी समजतोय औषध बनावट हाय! दुकानदारासंगं भांडून आलो की रं!"

ओटा हसला. मंगलसुद्धा हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

मग छपरावर चढलो. पॅनेल एकामागं एक जोडलेली असतात, त्या सगळ्यांची मिळून वीज जीवघेणी असते, म्हणून आधी स्विच बंद केला, पॅनेलवर ताडपत्री टाकली आणि शेवटचं एकच पॅनेल सोडवून घेतलं. त्याची तार खाली कंट्रोलरला, तिथून बॅटऱ्यांच्या रांगेला, बॅटऱ्यांवरून इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवरून पेटी. दुपारी दीडच्या सुमाराला पेटीचा पंखा फिरला. बायका दारात गोळा झाल्या होत्या. सगळ्या थर्मामीटरकडं बघत होत्या, परीक्षेचा निकाल लागल्यासारख्या.

तरी मला रात्रीची धास्ती होतीच. उन्हाचे तीन-चार तास उरले होते. मी अण्णांना म्हणालो, "टाकीत पाणी कमी भरणार. तोटी अजून बारीक करता आली पाहिजे."

"म्हंजे काय करायचं?"

"पेटीतली ऊब बाहेर जाता कामा नये."

ते आत गेले आणि दोन घोंगडी घेऊन आले. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची, जाड, काळी. हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवून आम्ही पेटीला घोंगड्यात गुंडाळलं. म्हातारा समाधानानं म्हणाला, "ही लोकर हातकातरीची हाय बरं मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी परत तिथं. बॅटऱ्या जवळजवळ संपलेल्या, पण पेटी छत्तीसवर. ऊन आलं, पॅनेल चालू लागलं, धाराशिवहून मोठी बॅटरीही दुपारी आली आणि लोकांच्या बॅटऱ्या नावं वाचून परत गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी डीपी बसली. मंगलनं त्या तीन दिवसांत पेटीसमोरून हलायचं नाव घेतलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. तीनशेपैकी दोनशे दहा. एरवी अडीचशेच्या आसपास निघतात. म्हणजे चाळीसेक जीव त्या पहिल्या सकाळी गेले होते, आम्ही जोडाजोडी करत होतो तेव्हा. काशीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या वीस अंड्यांतून पिल्लं निघाली फक्त दोन. दुसऱ्या कोणाला नेहमीइतकी, कोणाला कमी. मी नंतर ऐकलं, की मंगलनं कोणाला काही न सांगता स्वतःच्या वाट्याची पिल्लं काशीबाईच्या आणि इतरांच्या पाटीत घातली. तिच्या स्वतःकडं एकही उरलं न्हाई.

त्यानंतर मी दोन कामं केली. एक म्हणजे तिच्याकडं ती मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर फक्त पेटीपुरता कायमचा बसवून दिला. सगळ्या घराला बॅटरी परवडत न्हाई, पण ज्याच्यावाचून अडतं त्या एका गोष्टीला परवडते. हा सल्ला मी आता सगळ्यांना फुकट देतो. दुसरं, ज्यांच्या ज्यांच्या घरावर मी लाइनीचं सोलार बसवलंय त्यांच्याकडं जाऊन सांगितलं, की लाइट गेली की हे बंद पडतं. बरेच जण म्हणाले, आम्हाला कळलंय ते. एक जण म्हणाला, "आता सांगताय व्हय?"

पंधरा दिवसांनी बचत गटानं मला बोलावलं. मला वाटलं पेटीचं काही काम असेल. गेलो तर मंगलच्या अंगणात सतरंजी, चाळीसेक बाया आणि एका ताटात शाल, नारळ, हार. मिस्त्रींनी वेळेला धावून येऊन गटाची अंडी वाचवली म्हणून सत्कार. एक बाई कागदावर लिहिलेलं भाषण वाचायला लागली. माझ्या कानात काही शिरेना. समोर काशीबाई बसली होती, टाळ्या वाजवायच्या तयारीत.

भाषण संपलं. अण्णा शाल उलगडून पुढं आले. मी त्यांचा हात धरला.

"थांबा अण्णा. आधी माझं ऐका." मी बायांकडं वळलो. "मंगलताईंनी सोलार घेतानाच मला विचारलं होतं, लाइट गेल्यावर हे चालेल का. चालत न्हाई, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी विनोद करून विषय उडवला, कारण सौदा मोडायला नको होता. तुमची जी अंडी गेली, ती डीपीनं न्हाई गेली. माझ्यामुळं गेली."

अंगणात कोंबड्या तेवढ्या पायात फिरत होत्या. अण्णा शाल तशीच हातात धरून उभे. काशीबाई माझ्याकडं टक लावून बघत होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. आता हे ताट उचलून आत नेणार आणि ते बरोबरच असेल, असं मी मनाशी म्हणालो.

मंगल उठली. पदर सारखा केला.

"मिस्त्री, हे तुमच्या तोंडनं ऐकायला म्या इतकं दिस थांबले," ती म्हणाली. मग सासऱ्याकडं वळून म्हणाली, "मामा, आता घाला शाल."